दीर्घावधी रूपविकारी तारे : दीप्ती आणि समष्टी

ज्यांचे तेज सुमारे ८० ते १,००० दिवसांच्या आवर्तात चढते व उतरते, अशा रक्तवर्णी महाताऱ्यांना दीर्घावधी रूपविकारी तारे ही संज्ञा आहे. या कुळाचा मूळपुरुष तिमिंगल तारकासमूहातील मायरा. १५९६ च्या ऑगस्टात डाव्हिड फाब्रिट्सियुस या धर्मोपदेशकाला तो दिसला, पुढे मावळला, आणि त्याने तो नवताराच मानला. त्याच्या पुनरागमनाचा सुमारे अकरा महिन्यांचा हिशेब होल्वार्डाने १६३८ मध्ये लावला. मायराचा सरासरी आवर्तकाल ३३२ दिवस असला, तरी प्रत्येक खेपेचे महत्तम तेज सारखे नसते. १७७९ मध्ये तो जवळजवळ रोहिणीच्या बरोबरीस आल्याचा हर्शेलचा दाखला आहे.

डोळ्यांना दिसणारे तेज मात्र या ताऱ्यांच्या बाबतीत भरवशाचे साक्षीदार नव्हे. हंसातील काय (χ) हा तारा ३.३ पासून १४.२ प्रतीपर्यंत, म्हणजे दहा हजारांहून अधिक पटींनी मंदावतो; परंतु स्पंदनाच्या ओघात वातावरण थंड झाले की टिटॅनियम ऑक्साइडासारखे रेणू दृश्य प्रकाश अडवितात व ऊर्जा अवरक्त किरणांत निघून जाते, यामुळे हा फरक फुगलेला दिसतो; एकूण उत्सर्जनातील चढउतार त्या मानाने किरकोळच असतो. म्हणूनच १९८१ मध्ये ग्लास व लॉइड एव्हान्स यांनी मोठ्या मॅगेलनी मेघातील ताऱ्यांचे अवरक्त मापन केले, तेव्हा आवर्तकाल जितका दीर्घ तितकी दीप्ती अधिक, हा नियम स्पष्ट झाला.

आवर्तकाल हीच या ताऱ्यांची वंशावळ होय. सुमारे २०० दिवसांच्या आसपासचे तारे सूर्याच्या सापेक्ष वेगाने धावतात, आकाशगंगेच्या प्रतलापासून दूरवर विखुरलेले असतात आणि तिच्या परिभ्रमणात मागे रेंगाळतात. ते वृद्ध, अल्प वस्तुमानाच्या समष्टीचे. ४७ टुकानी या गोलाकार तारकागुच्छातील मायरासदृश ताऱ्यांचे आवर्तकालही याच सुमाराचे आहेत. तीनशे दिवसांपलीकडचे तारे बहुधा प्रतलाला बिलगून असतात व अधिक वस्तुमानाच्या, तरुण पूर्वजांपासून उपजलेले असतात. अर्थात ही वाटणी सरासरीची आहे. एकट्यादुकट्या ताऱ्याचे गोत्र केवळ दिवस मोजून ठरविणे धाडसाचे.

हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या सूचीने या ताऱ्यांचे पराशय पुरविले खरे. पण त्यांची त्रिज्या पृथ्वीच्या कक्षेहूनही मोठी, म्हणजे बिंबाचा व्यास पराशयाहून अधिक, तेव्हा अंतराच्या मापनात संशयाला जागा उरतेच.

आवर्तकालांचे दफ्तर मुख्यतः हौशी निरीक्षकांनी राखले. अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झालेल्या रूपविकारी तारे निरीक्षक मंडळाला जेसोरच्या सरकारी खजिन्यात चाकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी ३७,००० हून अधिक निरीक्षणे पाठविली.