तांजू चोलाक : इस्तंबूलच्या दोन प्रतिस्पर्धी क्लबांमधील एक कारकीर्द

तुर्की भाषेत क्रीडासंघाच्या चाहत्यास 'तराफ्तार' म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. अरबी 'तरफ' आणि फारसी 'दार' यांपासून झालेला आपला 'तरफदार' तो हाच. इस्तंबूलच्या फुटबॉलचा इतिहास हा पुष्कळ अंशी या तरफदारांचा इतिहास आहे, आणि खेळाडूने एका तरफेकडून दुसऱ्या तरफेकडे जाणे ही घटना तेथे केवळ क्रीडाविषयक राहत नाही. तांजू चोलाक या खेळाडूने 1991 मध्ये गालातासाराय सोडून फेनेरबाहचे क्लबात प्रवेश केला, तेव्हा या गोष्टीचा प्रत्यय आला. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत त्याने एकूण 240 गोल केले. तरीही त्याचे नाव निघाले की या गोलांच्या बरोबरीने त्या पक्षांतराचाही उल्लेख होतोच. या पक्षांतराचा अर्थ लावावयाचा तर दोन्ही क्लबांच्या उगमापर्यंत मागे जावे लागते.

गालातासारायची स्थापना 1905 मध्ये झाली. अली सामी येन आणि त्याचे सहाध्यायी हे ज्या शाळेत शिकत होते, ती शाळा उस्मानी साम्राज्यातील उच्च अधिकारीवर्ग घडविणारी संस्था म्हणून प्रसिद्ध होती व तेथे फ्रेंच भाषेचे प्राबल्य होते. क्लबाचे नाव शाळेवरूनच आले. 'साराय' म्हणजे राजवाडा. आपली 'सराई' त्याच कुळातली. दोन वर्षांनी, 1907 मध्ये, बॉस्फरसच्या आशियाई किनाऱ्यावरील कादिकोय या वस्तीत फेनेरबाहचे क्लब निघाला. 'फेनेर' म्हणजे दीपगृह आणि 'बाहचे' म्हणजे बगीचा. दीपगृह असलेल्या एका भूशिराचे ते नाव आहे. म्हणजे एक क्लब शाळेचा आणि दुसरा वस्तीचा. एक युरोपच्या किनाऱ्यावरचा आणि दुसरा आशियाच्या. 17 जानेवारी 1909 रोजी दोघांचा पहिला सामना झाला व तो गालातासारायने 2-0 असा जिंकला. पुढे एकास उच्चकुलीनांचा आणि दुसऱ्यास सामान्यांचा क्लब म्हणण्याची प्रथा पडली. ही विभागणी बरीच ढोबळ आहे. फेनेरबाहचेच्या प्रारंभीच्या मंडळीतही सुशिक्षित व सुस्थित कुटुंबांतील तरुण होते. परंतु समजूत एकदा रुजली की तिच्यावर पिढ्या पोसल्या जातात.

पहिल्या महायुद्धानंतर दोस्त सैन्याने इस्तंबूल व्यापले, तेव्हा फेनेरबाहचेला आणखी एक महत्त्व प्राप्त झाले. व्यापक सैन्याच्या संघांशी शहरातील क्लबांचे सामने होत. 29 जून 1923 रोजी जनरल हॅरिंग्टन याच्या नावाच्या करंडकासाठी झालेला सामना फेनेरबाहचेने 2-1 असा जिंकला. दोन्ही गोल झेकी रझा याचे होते. व्यापलेल्या राजधानीतील नागरिकांना त्या विजयात फुटबॉलपेक्षा अधिक काही दिसले असल्यास नवल नाही. क्लब ही संस्था कुटुंब आणि राष्ट्र यांच्या मधल्या जागी येऊन बसली ती अशा प्रसंगांमुळे. अशा संस्थेचा त्याग करणे म्हणजे राजीनामा देणे नव्हे, तर घर सोडणे, ही भावना त्या काळात आकारास आली.

त्या भावनेला आधार होता तो हौशी खेळाचा. क्लबाचा खेळाडू हा क्लबाचा सभासद असे. त्याचे भाऊ, शाळासोबती, शेजारी त्याच गोटात असत. 1951 मध्ये तुर्कस्तानात व्यावसायिक फुटबॉल विधिवत सुरू झाले आणि 1959 मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा आली. या दोन घटनांनी खेळाडूची भरती शहराबाहेरून करण्याचा मार्ग प्रशस्त केला. गालातासारायचा सर्वांत लाडका खेळाडू मेतिन ओक्ताय हा इझमीरहून 1955 मध्ये इस्तंबूलला आला होता. मेतिन पुढे त्या क्लबाच्या निष्ठेचे मूर्तिमंत प्रतीक मानला गेला, हे खरे. पण त्याचा जन्म त्या शाळेत झाला नव्हता आणि त्या वस्तीतही नव्हता. प्रांतांतून आलेल्या खेळाडूकडून इस्तंबूलकरांनी इस्तंबूलकराची निष्ठा अपेक्षावी, ही विसंगती तेव्हापासूनची आहे. मेतिनने ती झाकली. तांजूने ती उघडी केली.

तांजू चोलाकचा जन्म 10 नोव्हेंबर 1963 रोजी काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील साम्सून या बंदरात झाला. 19 मे 1919 रोजी मुस्तफा कमाल याच ठिकाणी उतरला व राष्ट्रीय लढ्याचा आरंभ झाला, म्हणून तुर्की इतिहासात साम्सूनला मान आहे. तंबाखूच्या व्यापारासाठीही ते प्रसिद्ध होते. तेथील साम्सूनस्पोर हा क्लब 1965 मध्ये निघाला. साठीच्या दशकात तुर्कस्तानातील एकेका शहराने स्थानिक क्लब एकत्र करून शहराच्याच नावाचा क्लब उभारला, त्या लाटेतला तो एक. या क्लबांमागे शाळा नव्हती किंवा वस्ती नव्हती. सबंध शहर होते. साम्सूनस्पोर वरच्या वर्गात येई आणि पुन्हा खाली जाई. 1985 मध्ये तो पुन्हा वर आला आणि 1985-86 च्या हंगामात त्याने तिसरा क्रमांक पटकावला. त्या हंगामात 33 गोल करून तांजू देशातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तुर्कीत अशा खेळाडूस 'गोल क्राली', म्हणजे गोलांचा राजा, म्हणतात. पुढील हंगामात 25 गोल करून त्याने ते पद राखले. राजधानीत नव्हे, इस्तंबूलातही नव्हे, तर एका प्रांतिक बंदरात सलग दोन वर्षे हे राज्यपद राहिले, ही गोष्ट त्याच्या कारकिर्दीच्या वर्णनांत सहसा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक खेळाडू घडला तो तेथेच.

1987 मध्ये गालातासारायने त्यास घेतले. जर्मन प्रशिक्षक युप डेरवाल याच्या हाताखाली त्या क्लबाने चौदा वर्षांच्या खंडानंतर नुकतेच अजिंक्यपद मिळविले होते आणि आता सूत्रे मुस्तफा देनिझली याच्याकडे आली होती. 1987-88 च्या हंगामात तांजूने 39 गोल केले. मेतिन ओक्तायचा 1962-63 मधील 38 गोलांचा उच्चांक त्यामुळे मागे पडला. येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. 1987-88 मध्ये वीस संघ होते व प्रत्येकाच्या वाट्यास 38 सामने आले. मेतिनने आपले 38 गोल याहून बऱ्याच कमी सामन्यांत केले होते. तेव्हा आकडा मोडला तरी मेतिनची थोरवी मोडली असे म्हणता येत नाही. परंतु 39 हा आकडा त्या वर्षी सबंध युरोपात सर्वाधिक होता. त्याबद्दल तांजूला युरोपचा सुवर्णपादत्राण पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारा तो पहिला तुर्की खेळाडू. गालातासारायनेही अजिंक्यपद राखले.

पुढील वर्षी, 1988-89 मध्ये, युरोपीय अजिंक्य क्लबांच्या करंडकात जे घडले ते तुर्की फुटबॉलच्या इतिहासात संस्मरणीय आहे. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामाक्स क्लबाने आपल्या मैदानावर गालातासारायचा 3-0 असा पराभव केला. इस्तंबूल येथील परतीच्या सामन्यात गालातासारायने 5-0 असा विजय मिळविला. त्यांपैकी तीन गोल तांजूचे व दोन उऊर तुत्युनेकेरचे होते. प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्याची तक्रार झाली, युरोपीय संघटनेने प्रथम निकाल रद्द केला आणि अपिलानंतर तो कायम केला. मात्र पुढच्या फेरीचा सामना इस्तंबूलमध्ये खेळण्यास मनाई केली. त्या फेरीत मोनाको क्लबाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर तांजूच्या एकमेव गोलाने गालातासाराय विजयी झाले. परतीचा सामना जर्मनीतील कोलोन शहरात झाला. शिक्षा म्हणून निवडलेले हे परके मैदान प्रत्यक्षात परके राहिले नाही. 1961 च्या कराराने जर्मनीत गेलेले तुर्की कामगार आणि त्यांची मुले मोठ्या संख्येने तेथे जमली. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि गालातासाराय उपांत्य फेरीत गेले. तेथे रुमानियाच्या स्त्याउआ संघाने बुखारेस्टमध्ये 4-0 असा विजय मिळवून त्यांची वाटचाल थांबविली. इझमीर येथील परतीचा सामना 1-1 असा सुटला. या काही महिन्यांत तांजू हा एका क्लबाचा खेळाडू राहिला नव्हता. कोलोनच्या प्रेक्षकांत फेनेरबाहचेचे तरफदारही असणारच.

याच हंगामाच्या मध्यावर, 20 जानेवारी 1989 रोजी, साम्सूनस्पोरचा संघ मालात्या येथील सामन्यासाठी निघाला असता त्याच्या बसला भीषण अपघात झाला. प्रशिक्षक नुरी आसान आणि संघातील खेळाडू यांचा त्यात अंत झाला. ज्या संघात तांजू दीड वर्षापूर्वीपर्यंत खेळत होता, त्या संघाची ही अवस्था झाली. साम्सूनस्पोरने आपल्या लाल-पांढऱ्या रंगांत तेव्हापासून शोकचिन्ह म्हणून काळा रंग घेतला. खेळाडूने आपला पहिला क्लब सोडावा की सोडू नये, असा प्रश्न साम्सूनबाबत कोणी कधी विचारला नाही. प्रांतातून इस्तंबूलला जाणे ही उन्नती समजली जाते. बॉस्फरस ओलांडणे मात्र द्रोह ठरतो. या दोन मापांतील अंतर लक्षात घेतल्यावाचून 1991 ची घटना समजणार नाही.

1990-91 मध्ये तांजूने 31 गोल करून चौथ्यांदा राज्यपद मिळविले आणि गालातासारायने तुर्की करंडक जिंकला. त्या उन्हाळ्यात तो फेनेरबाहचेत गेला. हा खेळाडू उतरणीस लागला होता आणि म्हणून त्यास सोडले, असे समर्थन या आकड्यांपुढे टिकत नाही. देशातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला मेतिन ओक्ताय मोटार अपघातात मृत्यू पावला. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु एकाच वर्षी निष्ठेचे प्रतीक काळाच्या पडद्याआड जावे आणि त्याचा उच्चांक मोडणारा समोरच्या किनाऱ्यावर जावा, हा योग गालातासारायच्या तरफदारांच्या मनास किती झोंबला असेल याची कल्पना करता येते.

फेनेरबाहचेत तांजूला जोडीदार मिळाला तो आयकूत कोजामान. 1991-92 मध्ये आयकूत 25 गोलांसह राजा झाला आणि 1992-93 मध्ये तांजू 27 गोलांसह. कार्शियाका संघाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने सहा गोल केले. पाच वेळा राज्यपद, आणि तेही तीन वेगवेगळ्या क्लबांकडून, असा हा हिशेब आहे. तथापि योझेफ वेंग्लोश याच्या मार्गदर्शनाखालील फेनेरबाहचेला या दोन्ही वर्षी अजिंक्यपद मिळाले नाही. पहिले वर्ष बेशिक्ताशचे ठरले आणि दुसरे, 1992-93 चे, गालातासारायचे. तांजूवाचून गालातासाराय जिंकले आणि तांजूसह फेनेरबाहचे हरले, याचा टीकाकारांनी वापर केला. तो तर्क सदोष आहे. फेनेरबाहचेच्या उणिवा आघाडीच्या फळीत नव्हत्या. ज्या संघातून लागोपाठ दोन वर्षे दोन वेगळे राजे निघतात, त्या संघास गोल करणाऱ्याचे वावडे असू शकत नाही. राष्ट्रीय संघातील तांजूची कामगिरी मात्र क्लबातील कामगिरीच्या तोडीची नव्हती हे मान्य केले पाहिजे. 31 सामन्यांत 9 गोल, ही संख्या अशा खेळाडूस शोभणारी नाही. त्याचे एक कारण त्या काळातील तुर्की राष्ट्रीय संघाचे दौर्बल्य हे होय. परंतु सर्व दोष संघाच्या माथी मारणेही बरोबर नाही. पेटीच्या आत, चेंडू अचूक जागी येऊन पडेल अशा ठिकाणी उभे राहणे हे त्याचे बलस्थान होते, आणि चेंडू तेथवर आणणारे हात, म्हणजे अर्थातच पाय, नसले की ते निरुपयोगी ठरे.

1993 मध्ये तो इस्तंबूलस्पोर या क्लबात गेला. 1994 मध्ये मोटारीच्या बेकायदेशीर आयातीच्या प्रकरणात त्यास कारावासाची शिक्षा झाली आणि वयाच्या तिशीतच त्याचा खेळ संपला. या प्रकरणास पुढे त्याच्या पक्षांतराशी जोडण्याचा, जणू एका स्खलनातून दुसरे निघाले असे दाखविण्याचा मोह होणे शक्य आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो टाळावा. करार संपविणे हा कायद्याने दिलेला हक्क होता. दुसरी गोष्ट कायद्याचा भंग होती.

तांजूनंतर हा रस्ता वाहता झाला. सेर्गेन याल्चन हा बेशिक्ताश, फेनेरबाहचे, गालातासाराय आणि त्राब्झोनस्पोर या चारही मोठ्या क्लबांतून खेळला आणि 2020-21 मध्ये बेशिक्ताशला प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपदही मिळवून दिले. गालातासारायमध्ये वाढलेला एम्रे बेलोझोलू 2001 मध्ये इटलीस व तेथून इंग्लंडला गेला आणि 2008 मध्ये परतला तो फेनेरबाहचेत. परदेशाचा वळसा घेतल्याने त्याच्यावरील रोष कमी झाला असे मात्र दिसत नाही. बुराक यल्माझ हाही चारही क्लबांतून खेळला.

एकूण गोलांच्या यादीत मेतिन ओक्तायचे 217 गोल तांजूने मागे टाकले आणि तांजूचे 240 गोल हाकान श्युक्युरने 249 पर्यंत पोहोचून मागे टाकले. हाकान 2008 मध्ये निवृत्त झाला. मेतिन इझमीरचा, तांजू साम्सूनचा, हाकान साकार्याचा. आयकूतही साकार्याहूनच आला होता. इस्तंबूलच्या क्लबांनी ज्यांना राजे म्हटले त्यांतील हे चौघेही इस्तंबूलचे नव्हते. 39 गोलांचा एका हंगामातील उच्चांक मात्र पुढील पस्तीस वर्षांत कोणासही मोडता आला नाही, आणि तो गालातासारायच्या नोंदवहीत तांजूच्याच नावावर आहे.