पाल : शब्द एक, अर्थ अनेक

लातूर तालुक्यातील मुरुड आणि सभोवतालचा मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नड या भाषा त्या संस्थानात शेजारी नांदल्या. अशा प्रदेशात एकसारखा दिसणारा शब्द भाषेगणिक अर्थ बदलतो. 'पाल' हे त्याचे बोलके उदाहरण होय.

मराठीत 'ती पाल' म्हणजे भिंतीवरचा प्राणी. मनात चुकचुकणारी शंकेची पाल हीच. 'ते पाल' म्हणजे भटक्या कुटुंबांचा तंबू. प्रचलित हिंदी-उर्दूत 'पाल' म्हणजे प्रामुख्याने होडीचे शीड. तेलुगूत दुधाला 'पालु' म्हणतात. दुसऱ्या शब्दाआधी त्याचे 'पाल' होते, जसे 'पालकोवा'. तमिळमध्येही दूध म्हणजे 'पाल'च. जुन्या कन्नडात दूध 'पाल्' होते. पुढे 'प'चा 'ह' होऊन ते 'हालु' झाले. आजच्या कन्नडातील 'पालु' म्हणजे वाटा.

मराठी व हिंदीची लिपी एकच असल्याने केवळ अक्षरांवरून भेद कळत नाही. संगणकातही दोन्ही भाषांतील या अक्षरांचे युनिकोड क्रमांक तेच आहेत. म्हणूनच 'पालावरची शाळा' हिंदीत नेताना 'पाल' तसाच ठेवला, तर भटक्यांच्या मुलांची शाळा होडीच्या शिडावर जाऊन बसते.

मराठीत मात्र लिंग अर्थाची राखण करते. प्राण्याचे 'पालीवर' होते, तंबूचे 'पालावर'. फरक काना आणि वेलांटीचा. शब्दकोशात अर्थाआधी लिंग नोंदवतात ते याचसाठी.