कांडी, गिरणी आणि माझं मासेमारीचं रीळ

पावसाळा संपला की माझ्या रिळाचं वार्षिक सर्व्हिसिंग निघतं. खालापूर तालुक्यातल्या एका ठाकुरवाडीत मित्राचं शेत आहे. तिथे विकांताला जायचं आणि खाली पाताळगंगेवर गळ टाकून बसायचं, एवढाच आमचा उद्योग. (या भागात ठाकुरवाड्या पैशाला पासरी. बोरघाटात जांब्रुंगच्या पुढे रेल्वेचं ठाणंही आहे त्याच नावाचं.) चार महिन्यांचा गाळ रिळात साठतो, हँडल फिरवलं की कर्रकर्र आवाज येतो, आणि मग रविवारी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरावं लागतं.

गेल्या वेळी असंच सगळं उघडून बसलो होतो. आजोबा आले, स्पूल उचलून बघितलं आणि म्हणाले, "ही तर कांडी आहे रे."

आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, परळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. गळ त्यांनी आयुष्यात टाकलेला नाही. पण त्यांचं वाक्य इतिहासाला धरून निघालं.

रीळ तसं जुनं प्रकरण आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या साधारण 1195 च्या चित्रात होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला चक्क रीळ दिसतं. इंग्लंडात 1651 साली थॉमस बार्करच्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. पण ही सगळी रिळं म्हणजे फिरणारी चाकं. गळ फेकला की चाक गरगरायचं, गळ पाण्यात पडून थांबला तरी चाक थांबायचं नाही आणि दोऱ्याचं घरटं व्हायचं. हलका गळ असेल तर तो मुळात ते चाक फिरवूच शकायचा नाही.

यावर तोडगा काढला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गृहस्थांनी. हे ब्रॅडफर्डचे, लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातले. 1905 साली त्यांनी पेटंट घेतलं त्या रिळात स्पूल फिरतच नाही. दोरा त्याच्या टोकावरून सुटत जातो. मागावरच्या धोट्यातली कांडी आठवा. धोटा इकडून तिकडे धावतो, आतली कांडी मात्र स्थिर, आणि सूत तिच्या टोकावरून निघतं. ज्याचा जन्म सुतात गेला त्याला हे सुचलं यात नवल नाही. नवल इतकंच की बाकीच्यांना इतकी वर्षं सुचलं नाही.

अर्थात फुकट काही मिळत नाही. टोकावरून सुटणाऱ्या दोऱ्याला दर वेढ्यामागे एक पीळ पडतो. गुंडाळताना तो बराचसा उलगडतो, पण ड्रॅग घसरत असताना हँडल मारत राहिलात तर पीळ साठत जातो. म्हणून सर्व्हिसिंगमध्ये सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते लाइन रोलरकडे. बेलच्या टोकाला असलेली ती एवढीशी फिरकी. ती गाळाने जाम झाली की दोरा तिच्यावर घासतो, तिला चर पडतो आणि तो चर पुढे दोरा कापतो. बोटाने फिरवून बघा. फिरली पाहिजे.

बाकी काम सोपं आहे. धुताना ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि नळाची बारीक धार पुरे. पुसून झाल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या वॉशर दबून राहतात. बाजूचं झाकण उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि निघतील त्या क्रमाने भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. पातळ शिम कुठे होती हे नंतर कुणालाही आठवत नाही. जुनं ग्रीस पुसून गिअरला नवं, तेही बोटभर नाही, दातांवर पातळ थर. बेअरिंग, रोलर आणि हँडलच्या मुठीला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. फेल्टच्या वॉशरना रॉकेल लावायचं नाही. आणि कृपा करून खोबरेल तेल वापरू नका. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं, आणि डिसेंबरातली ठाकुरवाडीची पहाट त्याहून बरीच गार असते.

आजोबांनी बेअरिंगला तेल सोडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात अजून सवयीचा आहे. थेंब टाकायचा, फिरवायचा, कानाशी धरायचा.

त्यांच्या गिरणीचा आणि आमच्या मासेमारीच्या जागेचा संबंध मात्र मला तेव्हाच कळला. मुंबईची पहिली गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि दख्खनचा कापूस त्या वाटेने मुंबईला उतरू लागला. मग 1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजघर आलं. लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी सुमारे अर्धा किलोमीटर खाली आणायचं, चाकं फिरवायची आणि वीज मुंबईला पाठवायची. सुरुवातीचं मुख्य गिऱ्हाईक होतं गिरण्या. वीजघरातून सुटलेलं पाणी आजही पाताळगंगेत येतं, म्हणूनच भर उन्हाळ्यात आसपासचे ओढे कोरडे पडले तरी तिथे पाणी असतं आणि पाणी असतं म्हणून आम्ही जातो.

हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "वीज कुठनं येते ते आम्हाला कोण सांगणार? साचा चालला म्हणजे झालं."

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबा परत कामावर गेले नाहीत. काही वर्षं त्यांनी भाजीची गाडी लावली, त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. साच्यांबद्दल मात्र तासभर बोलतात.

ठाकुरवाडीतली पोरं आमच्या रिळाला हसतात, तेही सांगून टाकतो. त्यांची बांबूची काठी, दोरा आणि गांडूळ. ना तेल, ना ग्रीस. "दादा, मशीन दुरुस्त झालं का?" असं विचारतात आणि आमच्याआधी मासे काढून मोकळी होतात.

या वेळी रीळ जोडून झाल्यावर एक शिम उरली नाही, हे विशेष. नवा दोरा भरताना आजोबांनी तो दोन बोटांत धरला, जरा ताण दिला आणि म्हणाले, "सैल भरू नकोस, कांडी ढिली असली की सूत सुटतं." मी हळूहळू हँडल फिरवत राहिलो.