कुणाकडं पाहून

धारवाडातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात जा, भिंतीवरच्या फोटोंत एक तरी मास्तर असतोच. आमच्याकडं चार आहेत. त्यांतल्या तिघांना मी लहानपणापासून छळलं, की तुम्ही मास्तरच का झालात. राहिले पणजोबा, ते माझ्या जन्माआधीच गेले. त्यांची हकिगत अज्जीनं सांगितली.

पणजोबा मिरजेकडून आले ते पोटासाठी. घरची परिस्थिती बेताची, धारवाडात वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि एखाद्या घरी सोयरसुतक निघालं की त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि कुणीतरी सांगितलं, ट्रेनिंग कॉलेजात विद्यावेतन मिळतं. "मामंजी म्हणायचे, दुसऱ्याच्या पंक्तीला बसायचं सुटलं म्हणून मी मास्तर झालो," अज्जी सांगायची. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. मलाही वाटत नाही. मुंबई इलाख्यात शेकडो गरीब पोरं याच वाटेनं शिक्षक झाली.

पण ते ज्या कॉलेजात शिरले त्याच्यामागं मोठी घडामोड होती. पेशवाई बुडाली तरी इथल्या कचेऱ्यांत मराठीचाच दरारा होता, आणि कंपनी सरकारनं शाळा काढल्या त्याही बहुतेक मराठीच. घरी कन्नड बोलणारं पोर शाळेत येऊन मराठी मुळाक्षरं गिरवायचं. १८३० च्या सुमारास वॉल्टर इलियट या अधिकाऱ्यानं पदरचे पैसे घालून धारवाडात कन्नड शाळा चालवली. पुढं पारडं खऱ्या अर्थानं फिरवलं ते शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी. गावोगाव कन्नड शाळा उघडायच्या तर कन्नडमधून शिकवणारा मास्तर हवा, हे ओळखून त्यांनी मास्तर घडवण्याकडं लक्ष दिलं. त्यांचं नाव आजही इथं 'डेप्युटी' लावूनच घेतात. एका मराठी मुलखातल्या भुकेल्या पोराला विद्यावेतन मिळालं, ते कन्नड मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावं म्हणून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सीमेवरून दोन्हीकडं डोकी तापतात तेव्हा मी पणजोबांची आठवण काढते.

त्यांची पहिली नेमणूक नवलगुंद तालुक्यातल्या खेड्यात. कन्नड वाचता यायचं, बोलताना अडायचं. वर्गातली पोरं हसायची आणि हसत हसत शिकवायची. अज्जीनं त्यांना म्हातारपणी बोरू तासताना पाहिलं होतं. देवनागरीसाठी टोक तिरकं कापायची हाताला सवय, पण तसा बोरू कन्नडच्या गोल वळणाला अडतो, जाड-बारीक भलत्याच ठिकाणी येतं. म्हणून ते बोरू उजेडाकडं धरून टोक सरळ कापायचे, अंगठ्याच्या नखावर टेकवून मधली चीर पाडायचे, मग एकदा 'अ' काढून बघायचे, कन्नडमधला. मन भरेपर्यंत पोराच्या हातात द्यायचे नाहीत. वर्गातल्या प्रत्येक पोराचा बोरू ते असाच तासून द्यायचे. हे त्यांना ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मिरजेजवळच्या त्यांच्या गावात एक पंतोजी होते, फी द्यायला दाणे नसलेल्या या पोराला ओसरीवर बसवून घेणारे. ते असेच बोरू तासून द्यायचे म्हणे.

म्हणजे विद्यावेतन हे कारण झालं, आणि पंतोजी हे दुसरं कारण. पणजोबा पहिलंच सांगायचे. दुसरं अज्जीनं ओळखलं.

अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळी जमाना पालटला होता. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८४ पासून एक नवाच नमुना घालून दिला होता. टिळक-आगरकरांसारख्या पदवीधरांनी सरकारी नोकरीकडं पाठ फिरवून शाळा-कॉलेज चालवायचं. आजीव सदस्य व्हायचं, वीस वर्षं आणि दरमहा पंचाहत्तर रुपये. गोखल्यांनी तेच केलं. तिकडची हवा इकडं पोचायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडची शिकलेली पोरं पुण्यालाच जायची. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी मिळून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी उभी केली. लोक त्यांना सप्तर्षी म्हणतात. हुबळीचं भूमरड्डी कॉलेज पुढं त्याच संस्थेनं काढलं. १९१७ मध्ये धारवाडात कर्नाटक कॉलेज निघालं. त्याची ती भव्य दगडी इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेची कचेरी. कंपनीचा कारभार मद्रासकडं गेला आणि जिथं मालगाड्यांचे हिशेब चालायचे तिथं प्रोफेसर उभे राहिले.

रेल्वेची मुख्य कचेरी गेली तरी हुबळीचा वर्कशॉप जागेवरच होता, आणि मॅट्रिक झालेल्या पोरासाठी तेच खरं सोनं. पगार वेळेवर, राहायला क्वार्टर, फिरायला पास. अज्जांना तिथं कारकुनी मिळत होती. वडील मास्तर असूनही म्हणाले, "जा की, आयुष्यभर खडू खाऊन काय मिळालं मला?" अज्जा गेले नाहीत. खासगी शाळेत लागले, तेही पगार निम्माशिम्मा, कधी दोन महिन्यांनी एकदम.

आणि तो काळ कसला, तर धारवाडात एका मास्तरचं काय होतं ते सगळ्या गावानं नुकतंच पाहिलं होतं. दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे. घरात मराठी, कविता कन्नड. जन्म इथलाच, १८९६ चा. पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी. ए. होऊन आले आणि व्हिक्टोरिया हायस्कुलात शिकवू लागले. 'नरबलि' या कवितेपायी १९३२ साली सरकारनं त्यांना तुरुंगात घातलं. नोकरी गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं ओढगस्तीची. पक्की नोकरी लाभली ती १९४४ मध्ये, सोलापूरच्या डीएव्ही कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक म्हणून. त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा अज्जांनी गल्लीत पेढे वाटले होते, हे मला आठवतं.

"अज्जा, बेंद्र्यांचं बघून भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"भीती वाटली की. पण ते रस्त्यात दिसले की पोरं त्यांच्यामागं चालायची. नोकरी नव्हती तेव्हासुद्धा. वर्कशॉपच्या साहेबामागं कोण चालतंय?"

ताईआत्या म्हणजे अज्जांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्षभरात कपाळ पांढरं झालं. घरात ती स्वयंपाक, धुणं आणि दुसऱ्यांची बाळंतपणं यांतच संपायची. अज्जांनी घरातल्यांचा विरोध पत्करून तिला पुण्याला हिंगण्यात नेऊन सोडलं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली हिंगण्यात गेला, त्यालाही तोवर बराच काळ झाला होता. तिथून शिकून, पुढं ट्रेनिंग करून ताईआत्या हुबळीच्या मुलींच्या शाळेत लागली. तिचं उत्तर चौघांत सगळ्यात रोखठोक होतं.

"मला मास्तरीण बिस्तरीण व्हायचं नव्हतं. मला घराबाहेर पडायचं होतं."

बाईमाणसाला अब्रूनं घराबाहेर पडायला तेव्हा दारं होती किती? शाळा किंवा दवाखाना. जी कारणं पुरुषांच्या चरित्रांत ध्येय म्हणून छापली जातात, त्यांच्या शेजारी हे कारण मांडायला ताईआत्या कधी लाजली नाही, आणि मी ते आदरानंच मांडते. थोड्या वेळानं मात्र तिनं आपण होऊन एका बाईंबद्दल सांगितलं. हिंगण्यात तिला गणित शिकवायच्या. त्याही विधवा. "माझ्यासारखीच बाई, आणि फळ्यापुढं ताठ उभी. मागं वळून बघायची तेव्हा सगळ्या पोरी गप्प. मी म्हटलं, असं उभं राहायचं." हुबळीत गिरणीकामगारांच्या मुली तिला अक्कोरू, म्हणजे शाळेच्या बाई, म्हणायच्या. तिच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांत अर्ध्याहून जास्त बाया कन्नड बोलणाऱ्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी स्वतः शिक्षिका.

चौथे माझे वडील. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड म्हैसूर राज्यात गेलं. मराठी शाळांतली पोरं हळूहळू कमी होऊ लागली. नातलग म्हणायचे, कोल्हापूरला या, पुण्याला या. वडील जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकलेले, जी. ए. कुलकर्णी तिथं इंग्रजी शिकवायचे. मराठी कथेत 'काजळमाया'सारखं पुस्तक देणारा हा लेखक पोटापाण्यासाठी अनेक वर्षं धारवाडच्या पोरांना इंग्रजी कविता समजावत राहिला. वडिलांनी त्यांच्या कथा पुढं वाचल्या. आधी पाहिला तो वर्ग. ते धारवाडातच राहिले, कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आणि 'का' म्हटलं की जीएंच्या तासाचंच सांगायचे.

तिघांना मी 'का' विचारलं, पणजोबांचं अज्जीकडून ऐकलं, आणि चौघांबद्दलही अखेर 'कोण' ते कळलं. माझी खात्री झाली आहे की कुणीही मास्तरकी ही नोकरी म्हणून निवडत नाही. एखादा उभा माणूस पाहतो आणि त्याच्या जागी उभं राहावंसं वाटतं. पगार, सुट्ट्या, अब्रू ही कारणं खरीच, त्यांच्याशिवाय घर चालत नाही. ज्याला दुसरं काही जमत नाही तो मास्तर होतो, असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि अतिथी शिक्षक म्हणून तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं पोरांना राबवून घेणाऱ्या व्यवस्थेचा त्याहून जास्त. उद्याच्या पोरांनी कुणाकडं पाहायचं, तर अशा माणसाकडं, ज्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही ठाऊक नाही?

धारवाडात आता सप्तापूरला पाय ठेवायला जागा नसते. गल्लीगल्लीत स्पर्धा परीक्षांचे क्लासेस, अभ्यासिका, मेस. आमच्या वरच्या खोलीत कलघटगी तालुक्यातली एक मुलगी राहते. बी. एड. झालीय, टीईटी झालीय, शिक्षक भरतीची वाट पाहतेय. पीएसआयची परीक्षा का देत नाहीस, तुझी उंचीही चांगली आहे, असं मी एकदा म्हटलं. ती हसली. मग तिच्या गावच्या शाळेतल्या अक्कोरूंबद्दल सांगू लागली. रोज लांबून बसनं येणाऱ्या, बस चुकली तर चालत येणाऱ्या. तिला नेमणूक त्याच शाळेत हवी आहे. अक्कोरूंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, त्याआधी भरती निघाली पाहिजे, म्हणजे एका वर्षासाठी का होईना दोघींना एका शाळेत शिकवता येईल, एवढीच तिला घाई आहे.