कडधान्यांना यीस्ट आणि शेवग्याचे बळ
इजिप्तमधील न्याहारीत फाबा बीन या कडधान्याला मानाचे स्थान आहे. रेताड, क्षारयुक्त जमिनीत मात्र त्याची वाढ खुंटते. त्यावर उपाय म्हणून तेथील कृषिशास्त्रज्ञांनी पावाच्या यीस्टचा आणि शेवग्याच्या पानांचा अर्क पिकावर फवारून पाहिला. यीस्टमध्ये अमिनो आम्ले व 'ब' गटातील जीवनसत्त्वे, तर शेवग्यात पेशीविभाजनास चालना देणारे झिआटिन हे संप्रेरक असते. अनेक प्रयोगांत झाडांची वाढ व उत्पादन सुधारल्याचे आढळले. तथापि हे अर्क खताला पर्याय नव्हेत. हवेतील नत्र मुळांवरील गाठींत स्थिर करण्याचे काम रायझोबियम जिवाणूच करतात. भारतात २०२१ मध्ये जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. त्यामुळे विक्रीसाठी परिणामकारकतेच्या चाचण्यांची माहिती सादर करावी लागते.