एब्रू : पाण्यावरून कागदावर उतरलेली नक्षी

तुर्की कला व हस्तव्यवसायांच्या प्रदर्शनांत इझनिकच्या निळ्या फरश्या आणि हेरेकेचे गालिचे यांच्या जोडीने आता एब्रूच्या, म्हणजे पाण्यावर रंग सोडून कागदावर टिपलेल्या नक्षीच्या, चौकटीही लावलेल्या असतात. मात्र काचेमागे गेलेल्या या कागदाचे बहुतेक आयुष्य पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून किंवा सुलेखनाच्या पानाभोवती समासपट्टी म्हणून गेले, हे ध्यानात घेतल्याखेरीज या कलेचा इतिहास उलगडत नाही.

‘एब्रू’ हे नाव फार्सी ‘अब्र’ म्हणजे ढग या शब्दापासून झालेल्या ‘अब्री’चे तुर्की रूप मानले जाते, आणि ‘अभ्राच्छादित’मधला ‘अभ्र’ हा त्याच कुळातला शब्द असल्याने मराठी वाचकाला ते परके वाटू नये. उस्मानी राजवटीत ही कला सोळाव्या शतकात रुजली आणि १६०८ मध्ये तिच्या कृतीची पुस्तिकाही लिहिली गेली. युरोपात हा कागद ‘तुर्की कागद’ म्हणूनच पोहोचला. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीतील चित्रकारांनी याच तंत्राने केवळ पार्श्वभूमी न रंगवता आकृत्याच घडवल्या. तिथल्या हडकुळ्या घोड्यावर बसलेल्या फकिराचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि दख्खनी कलेच्या अभ्यासात या चित्रांना अधिक मानाचे स्थान मिळायला हवे.

एब्रूची सगळी किमया तबकातल्या पाण्यात असते. गेवेन या काटेरी झुडपाचा डिंक, म्हणजे ‘कित्रे’ (भारतीय बाजारातल्या ‘गोंद कतीरा’त हेच नाव ऐकू येते), भिजवून, गाळून पाणी दाट केले जाते, कारण साध्या पाण्यात रंग तळाशी बसतो. रंग संगमरवरी पाट्यावर खलून त्यात बैलाचे पित्त थेंबाथेंबाने मिसळतात. पित्तामुळे रंग पृष्ठभागावर पसरतो आणि शेजारच्या रंगात मिसळून जात नाही, शिवाय नंतर पडणाऱ्या रंगाने आधीच्याला बाजूला सारायचे असल्याने त्याच्यात पित्ताचे प्रमाण थोडे वाढवावे लागते. गुलाबाच्या काडीला घोड्याच्या शेपटीचे केस बांधून केलेली कुंचली बोटावर आपटून रंग शिंपडला, की पाण्यावर संगमरवरी पोत उमटतो. या मूळ प्रकाराला ‘बत्ताल’ म्हणतात. त्यावर कागद अलगद टेकवून काही क्षणांत तबकाच्या कडेवरून ओढत उचलला, की नक्षी कागदावर येते आणि पाणी जवळजवळ निर्मळ उरते, म्हणूनच तोच कागद पुन्हा निघणे अशक्य असते.

अठराव्या शतकात आयासोफ्यामध्ये खुत्बा देणारे हातिप (म्हणजेच खतीब) मेहमेद एफेंदी यांनी एकात एक थेंब सोडून ते सुईने ओढण्याची रीत रूढ केली आणि त्या नक्षीला त्यांच्या पदाचेच नाव मिळाले. १७७३ मध्ये घराला लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला. पुढे इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील उझबेक दर्वेशांच्या मठात ही विद्या टिकली. तेथील शेख इब्राहिम एदहेम एफेंदी यांना ‘हेझारफेन’, म्हणजे हजार कलांत निपुण, असे म्हणत. त्यांचे शिष्य नेज्मेद्दीन ओक्याय (१८८३–१९७६) यांनी ट्यूलिप, हायसिंथ अशी ओळखू येणारी फुले पाण्यावर उमलवली.

या कलेवरचा खरा आघात मात्र बाजारातून नव्हे, तर कायद्यातून आला. १९२५ मध्ये दर्वेशांचे मठ बंद झाले आणि १९२८ मध्ये तुर्की भाषेने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारल्यावर सुलेखनाचा आणि त्यावर पोसलेल्या कागद-बांधणीच्या कारागिरीचा आधारच सुटला. अशा काळात इस्तंबूलच्या ललित कला अकादमीत शिकवणारे ओक्याय आणि उस्कुदारमध्ये जडीबुटीचे दुकान चालवत एब्रू करणारे त्यांचे शिष्य मुस्तफा दुझगुनमान (१९२०–१९९०) यांनी ही परंपरा तगवली, आणि युनेस्कोने २०१४ मध्ये एब्रूला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्याचे मोठे श्रेय या गुरुशिष्यांना जाते. यापुढे अशा प्रदर्शनात भिंतीवरच्या चौकटी पाहून झाल्यावर वाचकांनी जुनी हस्तलिखिते मांडलेल्या पेटीपाशीही थांबावे आणि उघड्या पुठ्ठ्याची आतली बाजू अवश्य पाहावी.