सडपातळ पाणबुडी-घड्याळे : परंपरा, पुनरुज्जीवन आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

आगगाडीने बोरघाट ओलांडण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरी उतरे व तेथून, १८३० साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या घाटरस्त्याने पुढे जाई. या प्रवासाचा पहिला टप्पा केव्हा सुरू व्हावयाचा आणि केव्हा संपावयाचा, हे खाडीची भरती-ओहोटी ठरवीत असे. जुन्या मराठी जीवनात काळ व पाणी यांचा संबंध याहूनही निकटचा होता. घटिकापात्र म्हणजे बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात ती तरंगत ठेवावयाची. छिद्रातून पाणी शिरून ती बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अहोरात्रात अशा ६० घटका. विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी जोशी हेच पात्र मांडीत. ‘घटका भरली’ हा अंतकाळ सुचविणारा वाक्प्रचार या पात्राच्या भरण्याशी निगडित आहे. ‘घडी’ आणि ‘घड्याळ’ हे शब्दही त्याच कुळातले. मराठीत ज्याला घड्याळ म्हणतात त्याचा पूर्वज अशा रीतीने पाणी आत घेऊनच वेळ सांगत असे. पाणबुड्यांच्या मनगटी घड्याळाची सारी विद्या मात्र पाणी बाहेर ठेवण्यात सामावलेली आहे.

गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या प्रकारच्या घड्याळांकडे, विशेषतः १९५० ते १९७० या काळातील सडपातळ घडणीच्या घड्याळांकडे, निर्माते व संग्राहक पुन्हा वळले आहेत. त्यांत मुंबईस चांगले परिचित असलेले एक नावही आहे. या निमित्ताने दोन प्रश्न उपस्थित होतात. पुनरुज्जीवन होते ते वस्तूचे की केवळ नावाचे? आणि मूळ वस्तू कशी होती, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवावयाचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे उत्तर देता येत नाही, आणि त्या पुराव्याचा मोठा भाग मुंबईच्या बाजारातून गेलेला आहे.

प्रथम या घड्याळांचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. रोलेक्सचे ‘ऑयस्टर’ हे पाण्यापासून सुरक्षित कवच १९२६ सालचे. तथापि पाण्यात पडले तरी न बिघडणारे घड्याळ आणि पाण्याखाली काम करताना वापरावयाचे घड्याळ या भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या प्रकाराची गरज १९४३ मध्ये कुस्तो व गान्यां यांनी सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रानंतर खऱ्या अर्थाने निर्माण झाली. पाठीवर मोजकी हवा घेऊन उतरणाऱ्या पाणबुड्यास आपण किती वेळ खाली आहोत हे कळणे जीवनमरणाचे होते. १९५३ च्या सुमारास ब्लांपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’, रोलेक्सचे ‘सबमरीनर’ आणि झोडियाकचे ‘सी वुल्फ’ ही घड्याळे पुढे आली. अंधारात चमकणारे ठळक आकडे व काटे, आणि उतरण्याचा क्षण खुणेने धरून ठेवणारे काचेभोवतीचे फिरते कडे, ही त्यांची लक्षणे. पुढील दशकात याच घडणीची हलकी व स्वस्त आवृत्ती अनेक स्विस कारखान्यांनी काढली. हौशी पोहणाऱ्यांसाठी असलेल्या या घड्याळांना ‘स्किन डायव्हर’ असे म्हणत. त्यांचा व्यास बहुधा ३६ ते ३८ मिलिमीटर असे.

ही घड्याळे सडपातळ होती याचे कारण केवळ त्या काळची अभिरुची हे नव्हे. पाण्याखाली दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाने काच व पाठीचे झाकण किंचित आत वाकतात. म्हणून जितक्या अधिक खोलीची हमी द्यावयाची तितकी काच व झाकण जाड करावे लागतात. १०० वा २०० मीटरपर्यंतच जावयाचे असेल तर ही जाडी बेताची राहते. दुसरा प्रश्न आतील यंत्राचा. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणाऱ्या यंत्रात फिरते वजन बसवावे लागते व त्याने उंची वाढते. हाताने चावी द्यावयाचे यंत्र पातळ होते खरे. परंतु रोज चावी फिरविल्याने तिच्या दांड्याभोवतीचे रबरी कडे झिजते आणि पाणी शिरण्याचा मार्ग नेमका तेथेच तयार होतो. पातळपणा आणि सुरक्षितता यांमध्ये असा व्यवहारी झगडा होता. चांगल्या निर्मात्याचे कौशल्य तो झगडा मिटविण्यात दिसे.

फाव्र-ल्युबा हे घराणे या संदर्भात महत्त्वाचे आहे. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथील अब्राहम फाव्र याच्यापासून, म्हणजे १७३७ पासून, हे घराणे आपला आरंभ मानते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने मुंबईत पाय रोवला व भारत ही त्याची प्रमुख बाजारपेठ बनली. मराठी तोंडी या नावाचे ‘फेवर लुबा’ झाले, आणि ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही त्याची हातचावीची घड्याळे अनेक मध्यमवर्गीय मनगटांवर आली. नावात समुद्र असला तरी ही घड्याळे कचेरीतच वापरावयाची होती. पाण्यासाठीची घड्याळे त्याच घराण्याने १९६० नंतरच्या दशकात काढली. १९६४ चे ‘डीप ब्लू’ हे त्यांपैकी एक. त्याआधी १९६२ साली या घराण्याने सुमारे तीन मिलिमीटर उंचीचे, दोन कमानपेट्यांचे यंत्र तयार केले होते. एका जाड कमानीचे काम दोन लहान कमानींत वाटून दिल्याने यंत्र पातळ राहूनही दोन दिवसांहून अधिक चाले. त्याच दशकातील ‘बॅथी’ या घड्याळाची रचना अधिक लक्षणीय आहे. त्याच्या पाठीच्या छिद्रांतून पाणी मुद्दाम आत घेतले जाई. तेथील पडदा दाबाने वाके व त्यावरून एक स्वतंत्र काटा खोली दाखवी. पाणी आत घेऊन मापन करण्याचे घटिकापात्राचे तत्त्व, वेगळ्या हेतूने का होईना, येथे पुन्हा भेटते.

यानंतरचा काळ स्थूलतेचा होय. समुद्रतळाशी दीर्घकाळ राहून काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी १९६० नंतर अधिकाधिक दाब सोसणारी घड्याळे निघू लागली. २००८ चे रोलेक्स ‘डीपसी’ ३,९०० मीटर खोलीची हमी देते. त्याचा व्यास ४४ मिलिमीटर व जाडी १७ मिलिमीटरहून अधिक आहे. दरम्यान १९६९ च्या अखेरीस सेइकोने क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि १९८० नंतर पाणबुड्यांच्या हातात संगणकयंत्रे आली. यांत्रिक घड्याळाचे पाण्याखालील काम संपत गेले. विरोधाभास असा की काम संपल्यावरच त्याचा आकार सर्वाधिक फुगला. खोलीचा आकडा हा उपयोगाचा न राहता प्रतिष्ठेचा झाला होता.

पुनरुज्जीवनाचा अर्थ या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. टायटन कंपनीने २०११ साली फाव्र-ल्युबा हे नाव विकत घेतले. २०१७ मध्ये तिने ‘बॅथी’ची कल्पना पुन्हा उभी केली, परंतु ते घड्याळ ४८ मिलिमीटर व्यासाचे होते. कल्पना जुनी व देह त्या दिवसांतील रूढीचा, अशी ती रचना होती. दुसरीकडे ट्यूडरने २०१८ मध्ये ३९ मिलिमीटर व्यासाचे आणि १२ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे ‘ब्लॅक बे फिफ्टी-एट’ काढले, आणि जुन्या प्रमाणांकडे परतण्याची प्रवृत्ती बळावली. फाव्र-ल्युबाचे नाव पुढे इथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीच्या समूहाकडे गेले. २०२४ साली जिनिव्हा येथे ते नव्याने सादर झाले तेव्हा ‘डीप ब्लू’ हे नाव ४० मिलिमीटरच्या आसपासच्या आकारात परत आले. एकाच घराण्याच्या या दोन प्रयत्नांत पहिल्याने यंत्राची युक्ती उचलली, तर दुसऱ्याने प्रमाणाची जाण.

मूळ प्रमाण कसे होते हे मात्र मूळ वस्तूवरूनच ठरते, आणि येथे मुंबईचा बाजार पुन्हा पुढे येतो. स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या व सुट्या भागांच्या आयातीवर निर्बंध आले. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. त्या कंपनीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. मधल्या काळात जुनी स्विस घड्याळे चालू ठेवण्याचा भार दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर होता. कोकणच्या दमट हवेत तबकडीवर डाग पडत. त्या घासून पुन्हा रंगविणे ही एक सेवाच होती. पुढे हेच कसब व्यापारात उतरले. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून, तबकड्या भडक रंगांत पुन्हा छापून परदेशी विकल्या जाणाऱ्या घड्याळांना संग्राहकांच्या व्यवहारात ‘मुंबई स्पेशल’ असे नाव पडले. कागदोपत्री कधीही न निघालेल्या तबकड्या अशा रीतीने ‘जुन्या’ म्हणून जगभर पसरल्या.

हा प्रश्न मराठी संशोधकास अपरिचित नाही. नकलकाराने पोथीत केलेला बदल ओळखण्यासाठी पाठचिकित्सेचे शास्त्र उभे राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे थोर उदाहरण होय. तेथील नियम येथेही लागू पडतात. एकाच कारखान्यात रंगविलेल्या दहा तबकड्या हे दहा साक्षीदार नव्हेत, एकच आहे. डौलदार व झगझगीत पाठापेक्षा फिकट, डागाळलेला पाठ पुष्कळदा अधिक विश्वसनीय असतो. काट्यांची लांबी आकड्यांच्या खुणांशी जुळत नसेल, अक्षरांचे वळण वा स्पेलिंग चुकले असेल, तर तो प्रक्षेप समजावा. यंत्रावरील शिक्का, कवचाच्या आतील क्रमांक आणि तत्कालीन जाहिरात अशा स्वतंत्र साधनांनी दुजोरा मिळेपर्यंत तबकडीवर विसंबू नये.

शब्दांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. घड्याळ-व्यापारात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मागे पडून ‘वॉटर रेझिस्टंट’ हा मर्यादित अर्थाचा शब्द रूढ झाला. १९८२ पासून पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी किमान १०० मीटरची अट घालणारे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मराठीत मात्र दोहोंसाठी ‘जलरोधक’ हा एकच शब्द चालतो. ‘३० मीटर’ असे लिहिलेले घड्याळ ३० मीटर खोल नेण्यासाठी नसते. शिंतोड्यांपुरताच त्याचा भरवसा. पन्नास वर्षांच्या रबरी कड्याचा तर तेवढाही नाही. शब्दातील हा भेद पुसला गेला तर वडिलोपार्जित घड्याळ पाण्यात नेणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

तेव्हा पुनरुज्जीवनाची किंमत नावावरून वा खोलीच्या आकड्यावरून ठरविता येत नाही. मनगटास, वापरास आणि यंत्रास साजेसे प्रमाण ही सडपातळ घड्याळांची खरी परंपरा होय. ते प्रमाण जेथे जपले गेले तेथेच वारसा चालू राहिला असे म्हणता येईल. त्या परंपरेचा महाराष्ट्रातील भाग अद्याप दुरुस्तीच्या लहान दुकानांत विखुरलेला आहे : कारागिरांच्या वह्यांत, उरलेल्या सुट्या भागांत आणि त्यांच्या बोलीतील पारिभाषिक शब्दांत. मुंबई, पनवेल व कोकणपट्टीतील ही साधने टिपून घेणे हे इतिहासाचे काम आहे आणि भाषाभ्यासाचेही. ही पिढी निवर्तल्यावर मूळ तबकडी कोणती व रंगविलेली कोणती, हे सांगणारा साक्षीदार उरणार नाही.